पत्त्याची बाजू आधी दाखवा

टपालानं जाणाऱ्या छपाईबद्दल आमच्या ग्राहकांसाठी

सप्टेंबर उजाडला की प्रेसमध्ये दोन गर्द्या एकदम होतात. पतसंस्था आणि सोसायट्यांना ३० सप्टेंबरच्या आत वार्षिक सभा उरकायची असते, म्हणून त्यांच्या नोटिसा नि अहवाल. त्यातच दुकानदार, क्लासवाले, दवाखाने दिवाळीची कार्डं घेऊन येतात. सगळ्यांना परवा पोस्टात टाकायचं असतं, आणि सगळ्यांचं काम एकाच जागी अडतं.

डिझाईन व्हॉट्सॲपवर येतं. पुढची बाजू झकास असते. मागची बाजू उघडावी तर काठापर्यंत मरून रंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, आणि खाली उजव्या कोपऱ्यात ठळक अक्षरांत दुकानाचा पत्ता, दोन फोन, क्यूआर कोड. "गिऱ्हाइकाचा पत्ता कुठं चिकटवायचा?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: "बसवा हो कुठंतरी."

कुठंतरी बसवून चालत नाही. पोस्टात पत्रं पिनप्रमाणे वेगळी करणाऱ्याची नजर सवयीनं खाली उजवीकडे जाते, कारण पाकिटावर पत्ता आणि पिन तिथंच असतो. त्या जागी तुमच्या दुकानाचा पिन असेल तर पत्र तुमच्याच पेठेच्या गठ्ठ्यात पडतं. काही वर्षांपूर्वी एका ग्राहकाच्या आग्रहाखातर आम्ही तशी कार्डं छापली. चार दिवसांनी त्यातली बरीचशी पोस्टमननं इमानेइतबारे त्यांच्याच काउंटरवर आणून ठेवली. तिकिटाचे पैसे गेले, दिवाळीही गेली, आणि बोलणी आम्ही खाल्ली. तेव्हापासून पत्त्याच्या बाजूच्या प्रूफवर सही झाल्याशिवाय आम्ही मशीन सुरू करत नाही. काहींना ही अडवणूक वाटते. वाटू दे.

आमच्या टेबलावरचं माप साधं आहे. वर उजव्या कोपऱ्यात तिकीट किंवा फ्रँकिंगसाठी (तिकिटाऐवजी मारायच्या मशीनच्या शिक्क्यासाठी) जागा कोरी. त्याच्या खाली, उजव्या अर्ध्या भागात, पत्त्यासाठी साधारण दहा बाय पाच सेंटिमीटरचा पांढरा चौकोन. तुमचा पत्ता डावीकडे, बारीक अक्षरांत, आधी 'प्रेषक' लिहून. उरलेल्या जागेत हौस करा, ती कमी नसते. पत्ता लांब बाजूला समांतर हवा. उभं कार्ड असेल तर तेवढ्यासाठी मागची बाजू आडवी करून घ्यावी लागते, हे डिझायनरला आधीच सांगा.

पत्त्याच्या बाजूला ग्लॉस लॅमिनेशन, म्हणजे चकचकीत प्लास्टिकचा थर, नको. त्यावर शिक्क्याची शाई फासते, लेबलाचा कोपरा उचकटतो. शिवाय पोस्टमनला 'घर बंद' किंवा 'पत्ता सोडून गेले' असा शेरा बॉलपेननं लिहायचा असतो, आणि त्या गुळगुळीत कागदावर पेन नुसतं घसरतं. पुढून लॅमिनेशन आणि मागून साधा कागद असं आम्ही करून देतो. पाकिटात घालायचं असेल तर हा प्रश्नच नाही. फक्त स्टेपल मारू नका.

आता वजन. पत्राचा दर वीस ग्रॅमच्या टप्प्यानं वाढतो, आणि कागद निवडताना याचा विचार कुणीच करत नाही. हिशेब सोपा आहे: जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं ग्रॅममधलं वजन, आणि ए-फोरचे सोळा कागद मिळून एक चौरस मीटर होतो. म्हणजे ८० जीएसएमचं ए-फोर पत्र ५ ग्रॅमचं. १७० जीएसएम आर्ट पेपरचं ए-फोर माहितीपत्रक साडेदहाच्या वर. नऊ बाय चार इंचांचं जाड पाकीट सहाएक ग्रॅम. बेरीज एकवीसच्या पुढे गेली, आणि दीड ग्रॅमसाठी प्रत्येक पाकिटावर पुढच्या टप्प्याचं तिकीट आलं. तेच माहितीपत्रक १३० जीएसएमवर घेतलं तर आठ ग्रॅम, पण ते अगदी काठावर. पावसाळ्यात कागद ओल धरतो, लेबल आणि खळीचंही वजन असतंच. म्हणून आम्ही १०० सुचवतो. स्वस्त कागद गळ्यात मारतात असा त्यावर संशय येतो, पण १७० जीएसएममध्ये आमचं बिल उलट वाढतं. ऑर्डर देण्याआधी त्याच कागदाची कोरी डमी आम्ही फुकट करून देतो. ती पोस्टाच्या काउंटरवर नेऊन तोलून घ्या, दरही तिथंच विचारा.

यादीबद्दल थोडं. 'पुणे ३०' असं लिहायची आपली जुनी सवय आहे. सदाशिव पेठेत ते चालून जाईल, पण लेबलावर ४११०३० पूर्ण हवं. पिन १५ ऑगस्ट १९७२ पासून चालू आहे आणि तो बसवणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, तेव्हा एवढा मान ठेवायला हरकत नाही. नुसत्या पहिल्या तीन आकड्यांवर भागत नाही: ४१६ कोल्हापूरला आहे, सांगलीला आहे आणि सावंतवाडीलाही आहे. गावाकडच्या पत्त्यात 'मु.' एक आणि 'पो.' दुसरंच असू शकतं. एक्सेलमध्ये भरताना 'पो.'चा रकाना गाळला की पत्र तालुक्यात फिरत राहतं. राज्याबाहेर जाणाऱ्या लेबलांवर गाव आणि राज्य इंग्रजीतही घाला. यादी तपासून पिनवार गठ्ठे बांधून द्यायचं काम आम्ही करतो. त्याचे पैसे वेगळे, पण परत आलेली पाकिटं मोजण्यापेक्षा ते परवडतं.

नोटिशीच्या पाकिटांवर अजूनही 'रजि. ए.डी.' (पोचपावतीसह रजिस्टर्ड पोस्ट) छापून मागतात. १ सप्टेंबर २०२५ पासून देशातली रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली आहे. जुनी पाकिटं शिल्लक असतील तर ती ओळ झाकणारं स्टिकर आम्ही छापून देऊ. नावपत्ता न घालता भागात सरसकट पत्रकं वाटायची असतील तर पोस्टाची डायरेक्ट पोस्ट ही वेगळी सेवा आहे. त्याला पत्त्याचा चौकोन लागत नाही, म्हणून तसं असेल तर पहिल्या भेटीतच सांगा.

येताना डिझाईनची ओपन फाइल (जिच्यात बदल करता येतात ती मूळ फाइल), एक्सेलची यादी आणि पाकिटात जे जे जाणार त्याची एकेक प्रत घेऊन या. पुढची बाजू नंतर पाहू.