जर्मनीत जुन्या गाडीला टो-बार बसवायचाय? आधी कागद काढा

उन्हाळ्याच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथल्या मराठी मंडळींत टो-बारची, म्हणजे ट्रेलर जोडायला गाडीच्या मागे लावतात त्या गोळ्याच्या दांडीची, चौकशी सुरू होते. कुणाला घर बदलायला ट्रेलर हवा असतो, कुणाला मुलाबाळांसह कॅरावॅन (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) घेऊन क्रोएशिया गाठायचा असतो. गाडी असते पंधरा-वीस वर्षांची, तिसऱ्या-चौथ्या हातातली. आणि बहुतेक जण सुरुवात करतात ती उलट्या टोकाकडून. जुना टो-बार स्वस्तात मिळतोय म्हणून उचलतात, ओळखीच्या मेकॅनिककडून बसवून घेतात, आणि तपासणीला गेल्यावर कळतं की तो या गाडीला चालतच नाही. बोल्ट आवळणं अर्ध्या दिवसाचं काम आहे. घोडं अडतं ते कागदांवर, आणि दरवेळी त्याच चार-पाच जागी.

गाडी पात्र आहे का?

त्सुलासुंग्सबेशायनिगुंगचा पहिला भाग, म्हणजे ज्याला सगळे फारत्सॉइगशाइन म्हणतात तो आपल्या आरसीचा जर्मन भाऊ, उघडा. त्यात ओ.१ आणि ओ.२ असे दोन रकाने आहेत. ओ.१ मध्ये ब्रेक असलेला ट्रेलर किती किलोपर्यंत ओढता येईल ते लिहिलेलं असतं, ओ.२ मध्ये ब्रेक नसलेला. रकाना १३ मध्ये श्ट्युत्सलास्ट, म्हणजे टो-बारच्या गोळ्यावर उभा भार किती चालेल तो आकडा. १ ऑक्टोबर २००५ पूर्वीचा जुना कागद तुमच्याकडे असेल, तर ओढण्याच्या वजनांचे आकडे २८ आणि २९ क्रमांकांपुढे सापडतील.

ओ.१ आणि ओ.२ मध्ये आकडे असले तर निम्मी लढाई जिंकलीत. तिथे नुसती आडवी रेघ असेल तर टो-बार विकत घेऊ नका. हे मी मुद्दाम जोरात सांगतोय, कारण "आधी बसवू, नोंदीचं नंतर बघू" असं म्हणणारा दर वर्षी कुणीतरी भेटतोच. रेघ म्हणजे या मॉडेलला कंपनीनं ओढण्याची मुभा दिलेली नाही, किंवा दिली असली तरी कागदावर आलेली नाही. यातलं नेमकं कुठलं, ते शोधायला सीओसी बघायची. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धापासूनच्या गाड्यांना युरोपीय मान्यतेचं हे प्रमाणपत्र असतं आणि त्यात ओढण्याची वजनं दिलेली असतात. गाडी तीन-चार हातांतून फिरलेली असली की सीओसी नेमकी गायब असते. मग कंपनीच्या ग्राहक विभागाला चासी क्रमांक देऊन दुसरी प्रत किंवा लेखी मंजुरी मागावी लागते. त्याला पैसे पडतात, वेळही जातो. कधी कधी मंजुरीसोबत अटीही येतात, मोठा रेडिएटर पंखा किंवा मागच्या कडक स्प्रिंगा. त्याही पाळाव्या लागतात.

कंपनीनं "नाही" म्हटलं तर स्वतंत्र तज्ज्ञाकडून एकट्या गाडीची मंजुरी घेण्याचा रस्ता कायद्यात आहे. पण खर्च आणि कटकट बघता पंधरा वर्षांच्या गाडीसाठी त्या वाटेला जाऊ नये, असं माझं मत.

टो-बारचा स्वतःचा कागद

टो-बारच्या आडव्या दांडीवर किंवा गोळ्याच्या मानेवर एक छोटा पत्रा असतो. जुन्या मालावर तो गंजाखाली किंवा काळ्या रंगाखाली दडलेला असतो. पितळी ब्रशनं हलकेच घासा. तीन गोष्टी वाचता आल्या पाहिजेत: मान्यतेची खूण, 'डी' पुढचा किलोन्यूटनमधला आकडा, म्हणजे ओढताना टो-बार किती जोर सोसेल तो, आणि 'एस' पुढचे किलो, म्हणजे गोळ्यावरचा उभा भार.

खूण छोट्या 'ई' अक्षराची असेल, किंवा वर्तुळातल्या मोठ्या 'ई'ची, आणि शेजारी देशाचा क्रमांक असेल, तर मान्यता युरोपीय आहे. तो टो-बार तुमच्याच मॉडेलसाठी असला आणि ओ.१, ओ.२ भरलेले असले, तर वेगळी तपासणी किंवा कागदांत नोंद करून घ्यायची सक्ती नाही. बसवण्याची पुस्तिका आणि मान्यतेचा कागद मात्र गाडीत ठेवायचा. पुस्तिका हरवली असेल तर वेस्टफालिया, ब्रिंक, बोसाल अशा कंपन्यांकडे मॉडेल क्रमांकावरून बहुतेक वेळा मिळते.

खूण लहरी रेघांची असेल, तर ती जुनी जर्मन मान्यता. अशा टो-बारला बसवल्यावर ट्यूफ, डेक्रा, जीटीयू किंवा केयूएस या तपासणी संस्थांपैकी एकीकडे दाखवून अनबाउआब्नामे, म्हणजे बसवणीची तपासणी, करून घ्यावी लागते. आता या तपासणीच्या अहवालातलं एक वाक्य जवळजवळ प्रत्येक जण चुकीचं वाचतो. गाडीच्या कागदांत दुरुस्ती कधी करायची ते तिथं लिहिलेलं असतं: कधी "ताबडतोब", कधी "नोंदणी कार्यालयाशी पुढचा संबंध येईल तेव्हा". दुसऱ्या प्रकारात धावपळ करून अपॉइंटमेंट घ्यायची गरज नाही, अहवाल गाडीत असला की झालं. पहिल्या प्रकारात मात्र "पुढच्या वर्षी पत्ता बदलताना करू" चालत नाही.

पत्राच नसेल, किंवा अक्षरं पूर्ण खाल्ली गेली असतील, तर तो टो-बार भंगारात जमा. विकणारा कितीही शपथा घेऊ दे.

'डी'चा आकडा कुणी बघत नाही, पण तपासणारा बघतो. गाडीचं कमाल वजन आणि ट्रेलरचं वजन टनांत घ्या, दोहोंचा गुणाकार करा, त्याला दोहोंच्या बेरजेनं भागा आणि ९.८१ नं गुणा. १.७५ टनाची गाडी आणि १.३ टनाचा ट्रेलर असेल तर उत्तर साधारण ७.३ येतं. पत्र्यावर ६.८ असेल तर टो-बार पुरत नाही, मग ओ.१ मध्ये काहीही असो.

परवाना: इथे गुन्हा दाखल होतो

भारतातून नवे आलेल्यांसाठी आधी एक गोष्ट. भारतीय लायसन्स इथं राहायला लागल्यापासून सहा महिने चालतं, वर्षभर नाही. बारा महिन्यांहून जास्त राहणार नाही असं दाखवता आलं तरच मुदत वाढवून मिळते. पुढे जर्मन परवान्यासाठी लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात, कारण सूट असलेल्या देशांच्या यादीत भारत नाही. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते.

मिळतो तो 'बी' वर्ग. त्यावर ७५० किलोपर्यंत कमाल वजनाचा ट्रेलर बिनधास्त ओढा. त्याहून मोठा असेल तर गाडी आणि ट्रेलर यांच्या कमाल वजनांची बेरीज ३,५०० किलोच्या आत हवी. ४,२५० पर्यंत जायचं तर 'बी ९६': सात तासांचं प्रशिक्षण, परीक्षा नाही. त्यापुढे 'बीई' आणि प्रत्यक्ष परीक्षा.

सगळा घोळ "कमाल" या शब्दात आहे. परवान्यासाठी ट्रेलरवर आज किती माल आहे हे कुणी विचारत नाही, कागदावर लिहिलेलं कमाल वजन मोजलं जातं. २,२०० किलोची गाडी आणि १,५०० किलोचा ट्रेलर मिळून ३,७०० होतात. ट्रेलर अगदी रिकामा असला तरी 'बी' पुरत नाही, आणि पकडलं तर तो साधा दंड नसतो, विनापरवाना वाहन चालवण्याचा गुन्हा ठरतो. व्हिसावर राहणाऱ्यांनी या वाक्यापाशी जरा थांबावं.

उलट ओ.१ च्या मर्यादेसाठी प्रत्यक्ष वजन धरतात. म्हणजे ओ.१ मध्ये १,२०० असतील तर कमाल १,५०० किलोचा ट्रेलर १,२०० पर्यंतच भरून नेता येतो. एकच ट्रेलर, दोन नियम, दोन वेगळी वजनं. हे असं का, ते बर्लिनला विचारा.

ट्रेलर नेहमीच हलका वापरणार असाल तर त्याचं कागदावरचं कमाल वजन उतरवून घेता येतं. 'बी ९६'च्या कोर्सपेक्षा हे कधी कधी स्वस्त पडतं.

१००च्या बिल्ल्याचा गैरसमज

ट्रेलर जोडला की ऑटोबानवर वेगमर्यादा ताशी ८० किलोमीटर. ट्रेलरच्या मागे १००चा गोल बिल्ला असेल तर १००. वापरलेली कॅरावॅन घेताना विकणारा तो बिल्ला अभिमानानं दाखवतो आणि घेणारा खूश होतो. पण बिल्ला ट्रेलरचा असतो. अटी तुमच्या गाडीनंही पूर्ण करायच्या असतात आणि ती जबाबदारी चालवणाऱ्याची.

पहिली अट एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा. १९९०च्या दशकातल्या पुष्कळ छोट्या गाड्यांत ते जादा पैसे मोजून मिळायचं. नसेल तर तुम्ही ८०वरच. दुसरी अट वजनाची. ब्रेक आणि शॉक अॅब्सॉर्बर असलेल्या कॅरावॅनचं कमाल वजन गाडीच्या रिकाम्या वजनाच्या ०.८ पटीपर्यंत चालतं, डोलणं रोखणारं कपलिंग असेल तर १ पटीपर्यंत. १,१५० किलोच्या हॅचबॅकला १,२०० किलोची कॅरावॅन म्हणजे दोन्ही हिशोबांत नापास. तिसरी अट ट्रेलरच्या टायरची: सहा वर्षांच्या आतले हवेत. ही सहा वर्षं टायर बनल्यापासून मोजायची, तुम्ही बसवल्यापासून नाही. टायरच्या बाजूवर चार अंकांत आठवडा आणि वर्ष असतं, २३१९ म्हणजे २०१९चा तेविसावा आठवडा. कॅरावॅनचे टायर झिजत नाहीत, उभ्या उभ्या म्हातारे होतात. त्यामुळे नक्षी नव्यासारखी दिसते आणि मुदत कधीच उलटून गेलेली असते. बिल्ला तसाच चिकटलेला राहतो, पण त्याला अर्थ उरत नाही. आणि तो फक्त जर्मनीपुरता, सीमेपलीकडे त्या त्या देशाचे नियम.

ट्रेलरची नोंदणी

ट्रेलरला इथे स्वतःचा नंबर असतो. नोंदणीला लागतं: ट्रेलरचे कागद, चालू हाउप्टउंटरझूखुंगचा (ठरावीक काळानं होणाऱ्या वाहन तपासणीचा) अहवाल, विमा असल्याचं दाखवणारा ईव्हीबी क्रमांक, कराचे पैसे कापण्यासाठी बँकेचं सेपा संमतीपत्र आणि ओळखपत्र.

आपले लोक अडकतात ते ओळखपत्रापाशी. पासपोर्टवर जर्मनीतला पत्ता नसतो, म्हणून सोबत मेल्डेबेशायनिगुंग, म्हणजे पत्ता नोंदवल्याचा दाखला, मागतात. खिडकीवर लोक काढतात घरमालकाची सही असलेला वोनुंग्सगेबरचा कागद, जो तुम्ही पत्ता नोंदवताना दिला होता. तो चालत नाही. मेल्डेबेशायनिगुंग महापालिकेकडून काढायची आणि जुनी असेल तर ताजी काढून न्यायची. यासाठी परत पाठवलेली माणसं बघून वाईट वाटतं, कारण अपॉइंटमेंट मिळायलाच आठवडे गेलेले असतात आणि खिडकीपलीकडचा माणूस एक ओळ ईमेलमध्ये आधी लिहायला तयार नसतो. ऑनलाइन नोंदणीचा मार्गही आहे. त्यासाठी रेसिडन्स कार्डाची ऑनलाइन सोय चालू हवी आणि कार्डाच्या पिनचं ते पाकीट सापडायला हवं.

वायरिंग आणि बाकीचं

जुन्या गाडीला सात पिनांचं सॉकेट असतं, बहुतेक कॅरावॅनना तेरा. अॅडॉप्टरनं दिवे लागतात, पण रिव्हर्सचा दिवा आणि आतली वीज मिळत नाही. नवं बसवताय तर तेराचंच घ्या. ट्रेलरचा इंडिकेटर बंद पडला तर चालवणाऱ्याला डॅशबोर्डवर किंवा आवाजानं कळायला हवं. तपासणीत हे हमखास बघतात आणि घरगुती वायरिंग इथंच नापास होतं.

गोळा ५० मिलिमीटरचा, झिजून ४९ च्या खाली गेला की बाद. काढता येणारा गोळा नंबरप्लेट झाकत असेल तर ट्रेलर नसताना काढून ठेवा. बोल्ट बसतात त्या चासीच्या भागाला गंज असेल तर आधी वेल्डिंग, मग टो-बार.

विमा कंपनीला टो-बार बसवल्याचं कळवा. अपघातात नुकसान तिसऱ्याचं झालं तर जुलै २०२० पासूनच्या नियमानं भार मुख्यतः ओढणाऱ्या गाडीच्या विम्यावर पडतो, ट्रेलरच्या नाही.

टो-बार फक्त सायकलींसाठी हवा असेल तर परवान्याचा आणि ओ.१ चा प्रश्न येत नाही, रकाना १३ आणि पत्र्यावरचा 'एस' बघा. दोहोंतला लहान आकडा धरायचा, आणि त्यात कॅरियरचं स्वतःचं वजनही मोजायचं. ७५ किलोची मर्यादा असेल, कॅरियर १८ किलोचा असेल आणि दोन ई-बाइक २५-२५ किलोच्या, तर ६८ झाले. तिसरी सायकल, मुलाची छोटी का असेना, सात किलोच्या आत असेल तरच. सायकलींमुळे गाडीची नंबरप्लेट झाकली जाते, म्हणून त्याच क्रमांकाची तिसरी पाटी कॅरियरवर लावा. ही कुठल्याही पाटीच्या दुकानात मिळते, तिच्यावर शिक्का लागत नाही आणि कार्यालयात जावं लागत नाही.