हिमोफिलियात रक्त 'पातळ' नसतं

आमच्या रावेर-यावलकडे अजून ऐकू येतं, "पोऱ्याचं रक्त पातळ आहे, जरा खरचटलं तरी जीव जाईल." दोन्ही चूक. हिमोफिलियात रक्त गोठवणारं एक प्रथिन कमी पडतं: ए प्रकारात फॅक्टर ८, बी प्रकारात ९. रक्त जोरात नाही, जास्त वेळ वाहतं. बारीक खरचटलेलं दाबून धरलं की बहुधा थांबतं.

खरी भीती आतल्या रक्तस्रावाची. केळीच्या बागेत बांधावरून उडी मारलेल्या पोराचा गुडघा संध्याकाळी गरम, टम्म फुगलेला, पाय सरळ होत नाही. घरचे म्हणतात लचक भरली, अन् तेल लावून चोळतात. इथेच घात होतो! चोळल्याने रक्तस्राव वाढतो. पुन्हापुन्हा झालं की सांधा कायमचा आखडतो. पाय स्थिर ठेवा, बर्फाने शेका आणि शिरेतून फॅक्टर मिळेल तिथे लगेच न्या. अ‍ॅस्पिरिन नकोच.

आजार सुनेने आणला म्हणत तिला बोल लावणाऱ्यांसाठी: सुमारे एक तृतीयांश रुग्णांच्या घराण्यात हा आजार आधी कुणालाच नसतो.

ए प्रकारासाठी आता कातडीखाली टोचायचं एमिसिझुमॅब हे औषधही आहे. मात्र ते रक्तस्राव टाळायला. सुरू झालेला थांबवायला नाही.