‘तेल थोडं जास्तच बरं’? चेनसॉच्या बाबतीत नाही

टू-स्ट्रोक इंजिनाच्या चेनसॉमध्ये (झाडं कापायच्या साखळी-करवतीत) पेट्रोलबरोबर ऑइल मिसळताना ‘अंदाजे टाका, थोडं जास्त पडलं तर इंजिनाला चांगलंच’ असा सल्ला वर्षानुवर्षं दिला जातो. तो चुकीचा आहे.

या इंजिनाला वेगळी ऑइल टाकी नसते (साखळीचं तेल निराळं, त्याचा इथे संबंध नाही). पिस्टन आणि बेअरिंगला मिळणारं वंगण इंधनातूनच येतं. त्यामुळे ऑइल कमी पडलं तर पिस्टन जाम होतो, ही भीती खरीच. पण जास्तीचं ऑइल धड जळत नाही. स्पार्क प्लग (ठिणगी पाडणारा भाग) काळा-ओला होतो, धूर वाढतो, सायलेन्सरच्या जाळीवर काजळी बसते आणि मशीन दम टाकतं. शिवाय ऑइलने पेट्रोलची जागा घेतल्याने मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, म्हणजे इंजिन थंड राहण्याऐवजी उलट थोडं जास्त तापू शकतं. ही गोष्ट सहसा कुणी सांगत नाही.

पेट्रोल आणि ऑइलचं प्रमाण ५०:१ असेल, तर १ लिटर पेट्रोलला २० मिली ऑइल. इथे फक्त ५ मिली जास्त पडलं की प्रमाण थेट ४०:१ होतं. तेच ५ लिटरला १०० मिली घेताना ५ मिलीची चूक झाली, तर प्रमाण साधारण ४८:१ राहतं. म्हणून बाटलीच्या झाकणाने मापणं सोडा. थोडं मिश्रण करायचं असेल तर सुई नसलेली सिरिंज सगळ्यात सोयीची. प्रमाण मात्र मशीनच्या पुस्तिकेतलंच घ्या. शेजाऱ्याच्या मशीनचं नको.