बेळगावच्या किल्ल्याचे वेढे : सुरुंग आणि तोफा

बेळगाव शहराच्या पूर्वेचा किल्ला भुईकोट आहे. रट्ट राजघराण्याचा अधिकारी बिचिराज याने तो १२०४ च्या सुमारास बांधला. येळ्ळूरजवळच्या राजहंसगडाला टेकडीची चढण राखते. सपाटीवरच्या या किल्ल्याची मदार रुंद खंदकावर होती. त्यामुळे इथल्या वेढ्यांत खरा प्रश्न एकच असे, तो म्हणजे खंदकापलीकडची भिंत पाडायची कशी.

बहमनी वजीर महमूद गावान याने १४७२ मध्ये गोवा घेतले. विजयनगरच्या चिथावणीने बेळगावचा राजा ते परत घ्यायला निघाला, तेव्हा सुलतान तिसरा मुहंमद शाह स्वतः चालून आला. फारसीत लिहिणाऱ्या फिरिश्ता या इतिहासकाराच्या बखरीत या वेढ्याचे वर्णन आहे. बहमनी सैन्य दिवसा लाकूड-मातीने खंदक बुजवी आणि किल्ल्यातले लोक रात्री ती भर उपसून टाकत. शेवटी गावानने भिंतीखाली भुयारे खणून दारूचे सुरुंग उडवले. दख्खनेत असे सुरुंग तोवर कोणाला ठाऊक नव्हते, असे फिरिश्ता सांगतो. खंदक शाबूत आहे म्हणून निर्धास्त असलेल्या राजाच्या पायाखालूनच तट ढासळला. तो वेष पालटून सुलतानापुढे आला आणि शरण गेला. दख्खनेतल्या दारूच्या लढाईचा आरंभ शोधणाऱ्याने बेळगावपासूनच सुरुवात करावी, इतके या वेढ्याचे मोल आहे.

पुढच्या काळात भिंती पाडण्याचे काम मुख्यतः तोफांवर आले. तोंडाने भरायच्या तोफेत आधी दारू घालून ती गजाने ठासत, वर गोळा बसवत. मागच्या बाजूच्या बारीक भोकाला तोफेचा कान म्हणत. त्यात रंजक, म्हणजे बारीक दारू, भरून बत्ती दिली की बार उडे. नळीत एखादी ठिणगी राहिली तर नवी दारू भरतानाच पेट घेई, म्हणून प्रत्येक बारानंतर ओला बोळा फिरवावाच लागे. गोलंदाजाचे कसब नेमापुरते नव्हते. ही शिस्त सांभाळण्यातही होते. तटाला खिंडार पाडायचे तर एकाच जागी पुन्हापुन्हा मारा करावा लागे, आणि त्यासाठी जड तोफा तटाच्या जवळ ओढून आणून मोर्चे, म्हणजे तोफांची ठाणी, बांधावी लागत.

इंग्रज सेनानी थॉमस मन्रोने मार्च १८१८ मध्ये बेळगावला मोर्चे लावले ते याच रीतीने. त्याच्याजवळ भारी तोफा मोजक्याच होत्या. पेशवाईच्या शिबंदीने सुमारे तीन आठवडे किल्ला लढवला आणि १० एप्रिलला तो इंग्रजांच्या हाती गेला. पेशवाई त्याआधीच कोलमडली होती, बाहेरून कुमक येण्याची आशा नव्हती. अशा वेळी तीन आठवडे टिकणे ही मोठी गोष्ट आहे. तिची नोंद एका ओळीत उरकली जाते, हे योग्य नाही.

सहा वर्षांनी कित्तूरला उलटे घडले. २३ ऑक्टोबर १८२४ रोजी धारवाडचा कलेक्टर थॅकरे मद्रासच्या घोडदळ तोफखान्यासह गडाच्या दारावर आला. राणी चन्नम्मांच्या सैन्याने दार उघडून एकदम मुसंडी मारली. थॅकरे पडला, तोफखान्याचे अधिकारीही मारले गेले. समोरचा माणूस अंगाशी भिडला की तोफा भरायला वेळ मिळत नाही. डिसेंबरात इंग्रज मोठी फौज आणि भारी तोफा घेऊन परतले, तेव्हा कित्तूर पडले. राणींना बैलहोंगलच्या किल्ल्यात कैदेत ठेवले. तिथेच १८२९ मध्ये त्यांचा मृत्यू झाला.