डॉर्टची धर्मसभा

नेदरलँड्समधील डॉर्डरेख्ट ऊर्फ डॉर्ट या शहरात १३ नोव्हेंबर १६१८ ते २९ मे १६१९ या काळात भरलेली रिफॉर्म्ड मंडळ्यांची (कॅल्व्हिनच्या परंपरेतील प्रॉटेस्टंट चर्चची) सभा. देव माणसाला तारणासाठी (पापातून सुटकेसाठी) निवडतो ते कशाच्या आधारावर, हा तिच्यापुढचा मुख्य प्रश्न होता.

कोण विश्वास ठेवील हे देव आधीच जाणतो आणि त्यानुसार निवड करतो, असे लायडन विद्यापीठातील प्राध्यापक यकोबस आर्मिनियस मानत. त्यांचे सहकारी गोमारस यांचा याला कडाडून विरोध होता. आर्मिनियस १६०९ मध्ये वारले. पुढच्याच वर्षी त्यांच्या अनुयायांनी पाच कलमांचे निवेदन काढले आणि वाद राजकारणात शिरला. सभेला इंग्लंड, स्कॉटलंड, स्वित्झर्लंड आणि जर्मन प्रदेशांतूनही प्रतिनिधी आले. अध्यक्ष बोगरमान यांनी १४ जानेवारी १६१९ रोजी आर्मिनियसपंथीयांना सभेबाहेर काढले; पुढचा निवाडा त्यांच्या लेखनावरून झाला.

निवड ही निव्वळ कृपा आहे. विश्वास हे तिचे कारण नसून फळ आहे, असा निर्णय सभेने दिला. सभेचे निर्णय ‘डॉर्टचे नियम’ म्हणून ओळखले जातात. मात्र या नियमांची खरी थोरवी पहिल्या प्रकरणाच्या बाराव्या आणि सोळाव्या कलमांत आहे. आपण निवडलेले आहोत की नाही, हे जाणण्यासाठी देवाच्या गूढ संकल्पात डोकावू नये. ख्रिस्तावरचा विश्वास, पापाबद्दलचे दुःख, नीतिमत्त्वाची भूक ही फळे आपल्यात दिसतात का, ते पाहावे. ज्याला ती अजून स्पष्ट जाणवत नाहीत, त्यानेही घाबरून न जाता बायबलचे वचन, प्रार्थना आणि बाप्तिस्मा, प्रभुभोजन हे संस्कार यांना धरून राहावे. पाळकाने (मंडळीच्या धर्मगुरूने) खचलेल्या माणसाशी जसे बोलावे, तशी ही भाषा आहे. पाचव्या प्रकरणातही हेच दिसते: बायबलमधील दावीद राजा आणि ख्रिस्ताचा शिष्य पेत्र यांच्यासारखे विश्वासणारे गंभीर पापात पडतात, पण देव त्यांना पश्चात्तापाने परत आणतो.

या मृदू शिकवणीची अंमलबजावणी मात्र कठोर झाली, आणि तो डाग पुसता येत नाही. आर्मिनियसपंथीयांचे पाठीराखे, वयोवृद्ध मुत्सद्दी योहान व्हान ओल्डनबार्नेव्हेल्ट यांचा १३ मे १६१९ रोजी हेग येथे राजद्रोहाच्या आरोपावरून शिरच्छेद झाला. दोनशेच्या आसपास पाळकांची पदे गेली. शुद्ध शिक्षण टिकावे म्हणून प्रत्येक पाळकाने या नियमांवर सही करावी, असे सभेने ठरवले. काही रिफॉर्म्ड मंडळ्यांत ती प्रथा आजही पाळली जाते.