शुगर सारखी, मधुमेह वेगळा

रिपोर्ट हातात पडला की बहुतेक जण शुगरचा आकडा तेवढा बघतात आणि कागद घडी करून खिशात टाकतात. आमच्या काउंटरवरची मापाची टेप बघून एका काकांनी विचारलं होतं, ‘लॅबमध्ये शिंपी कधीपासून बसायला लागला?’ हे पत्रक त्यांच्यासाठी, आणि तुमच्यासाठीही.

पोटाचा घेर, बीपी, रक्तातली चरबी आणि शुगर ही मंडळी बऱ्याचदा एकत्रच बिघडतात. त्या घोळक्याला मेटाबॉलिक सिंड्रोम म्हणतात. खालच्या पाचांपैकी तीन गोष्टी जुळल्या की तो आहे असं धरतात.

कंबर: भारतीय पुरुषांत ९० सेंटिमीटर किंवा जास्त, स्त्रियांत ८० किंवा जास्त
ट्रायग्लिसराइड, म्हणजे रक्तातली एक प्रकारची चरबी: १५० किंवा जास्त
एचडीएल, म्हणजे चांगलं कोलेस्टेरॉल: पुरुषांत ४० च्या खाली, स्त्रियांत ५० च्या खाली
बीपी: वरचं १३० किंवा खालचं ८५, किंवा त्याहून जास्त
उपाशीपोटी शुगर: १०० किंवा जास्त

बीपीची किंवा शुगरची गोळी चालू असेल, तर आकडा कितीही छान आला तरी तो निकष भरलाच. म्हणजे मधुमेह असलेल्याचा एक गुण आधीच जमा. उरलेल्या चारांत दोन सापडले की पुरे.

कंबर म्हणजे पँटचा नंबर नव्हे. पँट पोटाखाली बसते, पोट वर मोकळं राहतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावायची, श्वास सहज सोडून. पोट आत ओढून आम्हाला फसवता येईल, पण त्यात फायदा कुणाचा?

आता मुद्द्याचं. मोठ्या वयात होणारा मधुमेह म्हणजे टाइप २ च, असं आपण धरून चालतो. बहुतेकांचं खरंही असतं. इन्सुलिन तयार होतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. पोट, बीपी, ट्रायग्लिसराइड सगळं सोबत येतं. पण काहींच्या शरीराची प्रतिकारशक्तीच स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशींवर उलटते. हे झपाट्याने झालं तर टाइप १, आणि तो चाळिशीतही होतो, फक्त मुलांना नाही. हळूहळू झालं तर त्याला लाडा म्हणतात. नावात लाड असले तरी हा चकवा देतो: साधारण तिशीनंतर सुरू होतो, पहिले काही महिने गोळ्यांवर भागतं, म्हणून टाइप २ समजला जातो, आणि मग गोळ्या वाढवूनही शुगर ऐकत नाही.

२००९ साली प्रसिद्ध झालेल्या युरोपातल्या एका पाहणीत टाइप २ च्या १०० पैकी जवळजवळ ९० जणांना मेटाबॉलिक सिंड्रोम होता, लाडाच्या ४० च्या आसपास, टाइप १ च्या ३० च्या आसपास. शुगरचा निकष बाजूला काढल्यावर तर लाडा आणि टाइप १ वाल्यांत त्याचं प्रमाण मधुमेह नसलेल्या लोकांहून जास्त निघालं नाही. म्हणजे सिंड्रोम टाइप २ ला चिकटून येतो, शुगर वाढली म्हणून आपोआप येत नाही.

‘मी तर बारीक आहे, मग माझा लाडा असेल का?’ थांबा. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३, अगदी सारखा. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२. आपल्याकडे हातपाय काटकुळे असले तरी चरबी आत लपलेली असू शकते. म्हणूनच वजनकाट्यापेक्षा आमचा टेपवर जास्त भरवसा.

उलटही होतं. टाइप १ असलेल्याचं वजन वाढलं, पोट सुटलं, की इन्सुलिनचा डोस वाढत जातो आणि सिंड्रोम त्यालाही गाठतो. त्यामुळे नुसत्या घेरावरून मधुमेहाचा प्रकार ठरवू नका. तो फक्त इशारा.

घेर आटोपशीर, बीपी आणि रक्तातली चरबी ठीक, तरी शुगर गोळ्यांना दाद देत नाही, किंवा वजन आपोआप उतरतंय, असं असेल तर डॉक्टरांना गॅड अँटीबॉडी (प्रतिकारशक्ती त्या पेशींवर उलटली आहे का) आणि सी-पेप्टाइड (शरीर स्वतः किती इन्सुलिन बनवतंय) या चाचण्यांबद्दल विचारा. आधीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन मनाने बंद करू नका. आणि धंद्याच्या विरुद्ध बोलतो, पण या चाचण्या महाग आहेत. शेजाऱ्याने केल्या म्हणून करू नका.

लिपिड, म्हणजे रक्तातली चरबी, तपासायला येताना १० ते १२ तास पोटात काही नको. पाणी चालेल. ‘फक्त अर्धा कप चहा’ चालणार नाही. शुगर खूप वाढलेली असताना ट्रायग्लिसराइडही फुगतं, त्यामुळे शुगर ताब्यात आल्यावर ते पुन्हा तपासावं लागू शकतं. जुना रिपोर्ट फेकू नका, सोबत आणा. कंबर मोजायचे पैसे आम्ही घेत नाही.