तगर : स्थाननिश्चितीचा वाद

सातवाहनकाळातले व्यापारी नगर तगर म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातले, तेरणाकाठचे तेर. ही ओळख पटायला मात्र १९०१ साल उजाडावे लागले. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे वासाहतिक काळातले विद्वान या नगराचा ठावठिकाणा शोधत होते.

आधार मुख्यतः दोन. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला ‘पेरिप्लस’ हा ग्रीक ग्रंथ सांगतो, की भडोचच्या दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. तगरचे जाडेभरडे कापड आणि मलमल गाड्यांत भरून भडोचला जाई. दुसरा आधार ताम्रपटांचा. शिलाहार राजे राज्य करीत कोकणात नि कोल्हापुरात, पण बिरुद मिरवीत तगरपुराच्या स्वामित्वाचे.

अठराव्या शतकाच्या अखेरीस ईस्ट इंडिया कंपनीतल्या फ्रान्सिस विल्फर्डने तगर म्हणजे देवगिरी असे ठरवले. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी जुन्नरचे नाव घेतले. तीन डोंगरांवरून ‘त्रिगिरी’ आणि त्याचेच तगर, अशी त्यांची व्युत्पत्ती. लेण्यांतले शिलालेख वाचण्यात त्यांच्या तोडीचे फार थोडे होते, पण इथे त्यांचा तर्क लंगडा पडतो. जुन्नर पैठणच्या पश्चिमेकडे आहे, मग ‘पूर्वेला दहा दिवस’ याचे काय करायचे? रा. गो. भांडारकरांनी बीडकडचे धारूर सुचवले. नेमके गाव हुकले, तरी मुलूख त्यांनी बरोबर हेरला होता.

गाठ सोडवली पुरालेखतज्ज्ञ जॉन फ्लीट यांनी. मुंबई इलाख्यातली नोकरी संपवून ते इंग्लंडला परतले होते. तगर, तयर, तेर असा नावाचा प्रवास आणि पैठणपासूनचे अंतर यांचा मेळ घालून त्यांनी १९०१ मध्ये निजामाच्या राज्यातल्या या गावाकडे बोट दाखवले. तेर पैठणच्या थेट पूर्वेला नाही, आग्नेयेला आहे. पण परदेशी ग्रंथकाराला एवढी सूट द्यायला हरकत नसावी.

मग पुरातत्त्वज्ञ हेन्री कझिन्स प्रत्यक्ष तेरला आले. त्रिविक्रम मंदिराचा विटांचा गाभा, मागची अर्धगोल भिंत आणि गजपृष्ठाकार छत पाहून हे मूळचे बौद्ध चैत्यगृह, म्हणजे स्तूपाभोवतीचे प्रार्थनागृह असावे, असे मत त्यांनी मांडले. गावकऱ्यांना तेर ठाऊक होते ते गोरोबाकाकांचे म्हणून. पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या मातीच्या टेकाडांत सापडणारी नाणी, मणी, मृण्मूर्ती पुढे रामलिंगप्पा लामतुरे यांनी चिकाटीने जमवल्या; तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय आज त्यांच्याच नावाने आहे.